समांतर डेटाबेसची रचना कशी निवडावी: पहिल्या मोजमापापासून पहिल्या क्लस्टरपर्यंत

एका सर्व्हरवर डेटाबेस वर्षानुवर्षं व्यवस्थित चालतो. मग डेटा वाढतो, अहवालाच्या क्वेऱ्या रेंगाळायला लागतात आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘क्लस्टर करून टाकू या,’ म्हणजे अनेक मशीन जोडून त्यांवर एकच डेटाबेस चालवू या. त्यानंतर शेअर्ड डिस्क, शेअर्ड नथिंग, शार्डिंग, न्यूमा असे शब्द एकदम अंगावर येतात आणि कोणता प्रश्न आधी सोडवायचा हेच कळेनासं होतं. या वाटेने मी गेलो आहे. ज्या क्रमाने विचार केला की गोंधळ कमी होतो, तो क्रम इथे देतो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. समांतर डेटाबेसमध्ये बेरीज-तुलना क्वचितच महाग पडते. महाग पडते ती डेटाची ने-आण: डिस्कवरून मेमरीत, मेमरीतून प्रोसेसरच्या कोअरपर्यंत आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर. म्हणून रचना निवडताना ‘किती मशीन घेऊ?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘माझ्या क्वेरीसाठी किती बाइट्स कोणत्या तारेवरून जाणार?’ हे आधी विचारा.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सर्वात जास्त वेळ खाणाऱ्या दहा-पंधरा क्वेऱ्यांची यादी. पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेंशन ती देतं. यादी सरासरी वेळेवर लावू नका, एकूण वेळेवर लावा. दिवसातून लाख वेळा चालणारी छोटी क्वेरी अनेकदा खरी खादाड निघते.
- मोठ्या टेबलांचे आकार, ओळींची संख्या आणि महिन्याची वाढ.
- यादीतल्या प्रत्येक क्वेरीचा ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ प्लॅन, म्हणजे डेटाबेसने ती कोणत्या टप्प्यांनी चालवली याचा तपशील, बफर्सच्या (वाचलेल्या पानांच्या) आकड्यांसह.
- लिनक्सवरची मोजमापाची टूल्स: एलएससीपीयू आणि न्यूमासीटीएल (प्रोसेसर-मेमरीची रचना), एफआयओ (डिस्कचा वेग), आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग), आयओस्टॅट आणि सार (चालू भार).
- खऱ्या डेटाची प्रत, किंवा ओळख पटणार नाही अशा रीतीने बदललेली पण वाटणी तशीच राखलेली प्रत. हे का, ते सातव्या पायरीत येईल.
- लेखी उद्दिष्ट. ‘वेगवान हवं’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘हा अहवाल ४० मिनिटांऐवजी ५ मिनिटांत, त्याच वेळी २०० जण काम करत असताना’ हे उद्दिष्ट आहे.

१. एक क्वेरी लवकर हवी, की अनेक क्वेऱ्या एकाच वेळी?

समांतरता दोन तऱ्हेची असते. एकीत वेगवेगळ्या क्वेऱ्या वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी चालतात. दुसरीत एकाच क्वेरीचे तुकडे करून ते अनेक कोअरना वाटले जातात. व्यवहारांच्या सिस्टिमला, म्हणजे जिथे हजारो लोक एकेक ओळ वाचतात-लिहितात तिथे, पहिली पुरते. अहवाल आणि विश्लेषणाला दुसरी लागते.

हे लिहून काढा, कारण दोन्हींच्या गरजा परस्परविरोधी आहेत. एका क्वेरीला सगळे कोअर दिले की बाकीच्या रांगेत उभ्या राहतात. आधीच सगळे कोअर भरलेल्या सर्व्हरवर क्वेरीचे तुकडे केले तर तुकडे करण्याचा आणि निकाल जोडण्याचा खर्च वाढतो, एकूण काम मात्र तेवढंच राहतं. तुमची अडचण फक्त पहिल्या तऱ्हेची असेल तर वाचनासाठी एक-दोन रेप्लिका (डेटाबेसच्या प्रती) आणि बरे इंडेक्स एवढ्यावर काम भागण्याची शक्यता मोठी आहे. मग उरलेला लेख आज वाचला नाही तरी चालेल.

२. आहे त्या मशीनची ताकद मोजा

एलएससीपीयू चालवा आणि ‘थ्रेड्स पर कोअर’ ही ओळ पाहा. तिथे २ असेल तर ६४ सीपीयू दाखवणाऱ्या मशीनमध्ये खरे कोअर ३२ आहेत. जड क्वेरीला ६४ पट वेग मिळेल या अपेक्षेने हिशेब मांडलात तर तो तिथेच चुकतो.

मग न्यूमासीटीएलला हार्डवेअरची माहिती विचारा. दोन सॉकेटच्या मशीनमध्ये प्रत्येक प्रोसेसरची जवळची मेमरी वेगळी असते, आणि शेजारच्या प्रोसेसरची मेमरी वाचायला जास्त वेळ लागतो. अंतराच्या तक्त्यात स्वतःसाठी १० आणि शेजाऱ्यासाठी २१ असे आकडे बऱ्याचदा दिसतात. या रचनेलाच न्यूमा म्हणतात. म्हणजे बाहेरून एक दिसणाऱ्या मशीनच्या पोटातही छोटं नेटवर्क असतं.

आता वेग मोजा. ढोबळ अपेक्षेसाठी हे आकडे लक्षात ठेवा: साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयवरची चांगली एनव्हीएमई सुमारे ३.५ जीबी. डीडीआर४-३२०० मेमरीचा एक चॅनल कागदोपत्री सेकंदाला २५.६ जीबी देतो. १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून जास्तीत जास्त १२५ एमबी जातात, १० गिगाबिटवरून १.२५ जीबी.

ही ओळ पुन्हा एकदा वाचा. आजच्या चांगल्या एनव्हीएमई डिस्कपेक्षा १० गिगाबिटचं नेटवर्क हळू आहे. म्हणजे काम दुसऱ्या मशीनवर पाठवण्यासाठी डेटाही पाठवावा लागणार असेल, तर तो स्वतःच्याच डिस्कवरून वाचणं स्वस्त पडू शकतं. बहुतेक नवख्यांच्या मनात नेमकं उलटं चित्र असतं.

इथे दोन सापळे आहेत. एफआयओ चालवताना डायरेक्ट आयओ चालू केलं नाही तर तुम्ही डिस्क मोजत नसता, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधली मेमरी मोजत असता. आणि आयपर्फ३ फक्त दोन मशीनमध्ये चालवून थांबू नका. समांतर जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबलं जोडताना, सगळी मशीन एकाच वेळी सगळ्यांशी बोलतात. तशीच चाचणी लावली की स्विचची खरी कुवत समजते.

३. एकाच मशीनवरची समांतरता आधी संपवा

ही पायरी लोक गाळतात, आणि ती गाळण्याची किंमत सर्वात मोठी आहे.

पोस्टग्रेसमध्ये एका क्वेरीची समांतर अंमलबजावणी २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे. दहाव्या आवृत्तीपासून ती मुळातच चालू असते, पण एका ‘गॅदर’खाली, म्हणजे निकाल गोळा करणाऱ्या पायरीखाली, वर्करची (मदतीच्या प्रोसेसची) मर्यादा २ असते. म्हणजे ३२ कोअरच्या मशीनवरही जड अहवाल मुख्य प्रोसेस आणि दोन वर्कर एवढ्यांवरच चालतो, बाकी कोअर बसून राहतात. ‘मॅक्स पॅरलल वर्कर्स पर गॅदर’ ही सेटिंग फक्त अहवालाच्या युजरसाठी वाढवा, सर्वांसाठी नको. सोबत ‘मॅक्स पॅरलल वर्कर्स’ आणि ‘मॅक्स वर्कर प्रोसेसेस’ हेही पाहा. दोन्ही मुळात ८ असतात आणि वरची मर्यादा तेच घालतात.

प्लॅनमध्ये ‘वर्कर्स प्लॅन्ड’ आणि ‘वर्कर्स लाँच्ड’ हे आकडे शेजारी शेजारी येतात. दुसरा लहान असेल तर वर्करचा साठा त्या क्षणी संपलेला होता. दुपारी वेगवान आणि रात्री संथ चालणाऱ्या अहवालाचं कारण अनेकदा एवढंच असतं.

प्लॅन अजिबातच समांतर होत नसेल तर क्वेरीतली तुमची स्वतःची फंक्शन तपासा. युजरने लिहिलेलं फंक्शन पोस्टग्रेस मुळात ‘पॅरलल अनसेफ’ धरतं. असं एक फंक्शन सिलेक्टच्या यादीत कोपऱ्यात असलं तरी पूर्ण क्वेरी एकाच प्रोसेसवर चालते, आणि कुठलाही इशारा मिळत नाही. फंक्शन खरोखर सुरक्षित असेल, म्हणजे काही लिहीत नसेल आणि सेशनची अवस्था बदलत नसेल, तरच त्यावर ‘पॅरलल सेफ’ची खूण करा. नुसत्या वेगाच्या मोहाने केलेली खोटी खूण चुकीचे निकाल देऊ शकते.

मेमरीचा हिशेब तर कराच. ‘वर्क मेम’ ही मर्यादा पूर्ण क्वेरीला लागू होत नाही. ती प्रत्येक प्रोसेसमधल्या प्रत्येक सॉर्टला वेगळी लागू होते. ती १ जीबी केली, चार वर्कर आणि एक मुख्य प्रोसेस, प्लॅनमध्ये दोन सॉर्ट: एकाच क्वेरीचा दावा १० जीबीवर जातो. अशा पाच क्वेऱ्या एकदम आल्या की काय होईल ते ओळखता येतं.

विश्लेषणाचंच काम असेल तर डकडीबीसारखं कॉलमनुसार साठवणारं इंजिन त्याच मशीनवर चालवून पाहा. ते सगळे कोअर आपणहून वापरतं. टेबलाचे १,२२,८८० ओळींचे गट करून ते थ्रेडना वाटतं, त्यामुळे त्याहून लहान टेबलावर समांतरतेची अपेक्षा ठेवू नका. कॉलमनुसार साठवणीचा फायदा फक्त वेगाचा नाही. शंभर कॉलमच्या टेबलातले पाचच हवे असतील तर उरलेले पंचाण्णव डिस्कवरून उचललेच जात नाहीत. डेटा हलवायचाच नाही, ही सर्वात चांगली समांतरता.

इथेच उद्दिष्ट गाठलं तर थांबा. खरोखर थांबा. एक मशीन सांभाळणं आणि आठ मशीन सांभाळणं यातला फरक रोजच्या कामात जाणवतो.

४. रचना ओळखा: कोण काय वाटून घेतं

पुढे जायचंच असेल तर आता रचनेचा विचार. प्रोसेसर एकमेकांशी काय वाटून घेतात, यावरून मूळ प्रकार तीन पडतात.

*शेअर्ड मेमरी.* सगळे कोअर एकच मेमरी आणि त्याच डिस्क वापरतात. डेटा पाठवावा लागत नाही, नुसता पत्ता पुरतो. प्रोग्रॅम लिहायला आणि मशीन चालवायला सर्वात सोपी रचना हीच. मर्यादा मेमरीच्या बसची, आणि कोअरच्या कॅश एकमेकांशी जुळत्या ठेवण्याच्या खर्चाची. त्यावरचा एक सुंदर तोडगा म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या हायपर सिस्टिममधून २०१४ मध्ये मांडला गेला. क्वेरीचं काम आधीच कोअरमध्ये समान वाटून टाकायचं नाही. साधारण लाख ओळींचे घास करायचे, आणि जो कोअर मोकळा होईल त्याने पुढचा उचलायचा, शक्यतो आपल्या जवळच्या मेमरीतला. डकडीबीही याच वाटेने जातं.

*शेअर्ड डिस्क.* प्रत्येक मशीनची मेमरी वेगळी, पण डिस्क सर्वांना सामाईक. ओरॅकल आरएसी हे ठळक उदाहरण; आयबीएमच्या मेनफ्रेमवरचं पॅरलल सिसप्लेक्स १९९४ पासून याच पठडीतलं. एक मशीन पडलं तरी दुसरं तोच डेटा उघडू शकतं, हा मोठा फायदा, आणि डेटा कसा वाटायचा हे आधी ठरवावं लागत नाही. पण दोन मशीनना एकच ब्लॉक बदलायचा असेल तर कुलपं आणि ब्लॉकच्या ताज्या प्रती नेटवर्कवरून इकडून तिकडे जात राहतात. चढत्या क्रमांकाची प्रायमरी की आणि सगळ्या नोडवरून (क्लस्टरमधल्या मशीनवरून) इन्सर्ट, हा इथला नेहमीचा सापळा आहे. प्रत्येक नवी ओळ इंडेक्सच्या उजव्या टोकाच्या त्याच पानावर जाते आणि त्या पानासाठी ओढाताण सुरू होते. नोड वाढवले की इन्सर्टचा वेग कमी झालेला दिसतो तो यामुळे.

*शेअर्ड नथिंग.* प्रत्येक नोडचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क स्वतंत्र. मध्ये फक्त नेटवर्क. टेबलाच्या ओळी नोडमध्ये वाटलेल्या असतात आणि प्रत्येक नोड आपल्या वाट्याचं काम करतो. टेराडेटाचं डीबीसी/१०१२ हे मशीन १९८४ मध्ये बाजारात आलं ते याच रचनेचं. नावातला १०१२ हा दहाचा बारावा घात, म्हणजे टेराबाइटचं स्वप्न. त्याच काळात विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डीविट यांचा गॅमा प्रकल्प १७ व्हॅक्स संगणक ८० मेगाबिटच्या टोकन रिंगने जोडून सुरू झाला होता. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये या रचनेची बाजू मांडली, आणि १९९२ मध्ये डीविट व जिम ग्रे यांनी ती मुख्य वाट ठरत असल्याचं दाखवून दिलं. आजचे ग्रीनप्लम, व्हर्टिका, पोस्टग्रेसवरचं साइटस हे सगळे त्याच वंशातले.

गॅमाच्या काळी ८० मेगाबिट म्हणजे सेकंदाला फक्त १० एमबी होते, पण तेव्हाच्या डिस्कही तशाच हळू होत्या. आज डिस्क नेटवर्कच्या पुढे गेल्या आहेत. जुन्या लेखांतले निष्कर्ष वाचताना हे गुणोत्तर डोळ्यांसमोर ठेवा.

यापलीकडे आता *साठवण आणि गणना वेगळी* ठेवणारी रचना रुळली आहे. स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेसमध्ये डेटा ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये, म्हणजे क्लाउडमधल्या सामाईक फाइल-साठ्यात, असतो आणि गणनेचे क्लस्टर हवे तेव्हा उभे-बंद होतात. स्थानिक डिस्क फक्त कॅश म्हणून. मूळ डेटा सामाईक असल्यामुळे ती शेअर्ड डिस्कसारखी दिसते, पण क्वेरी चालते तेव्हा काम शेअर्ड नथिंगच्या पद्धतीने वाटलं जातं. फाइल एकदा लिहिली की बदलत नाही, म्हणून ब्लॉकची ओढाताणही नाही. सापळा एवढाच की क्लस्टर बंद करून पुन्हा चालू केला की कॅश रिकामी असू शकते. सकाळची पहिली क्वेरी संथ आणि दुसरी वेगवान दिसली तर प्लॅन बिघडला असं लगेच समजू नका.

माझं मत विचाराल तर: व्यवहारांचं काम, अनेक मशीन, आणि डेटाची नैसर्गिक वाटणी होत नाही, अशा वेळी शेअर्ड डिस्क. प्रत्येक क्वेरीत ग्राहक किंवा संस्था असा एक ठरलेला कॉलम येतो, तिथे शेअर्ड नथिंग. दिवसातून थोडाच वेळ लागणारं पण जड विश्लेषण असेल तर साठवण वेगळी ठेवणारी रचना. आणि कोणतीही निवडलीत तरी प्रत्येक नोडच्या आत शेअर्ड मेमरी असतेच, म्हणून तिसरी पायरी वाया जात नाही.

५. वाटणीचा कॉलम निवडा

शेअर्ड नथिंगमध्ये हा सर्वात महत्त्वाचा निर्णय. नंतर बदलता येतो, पण बदलायचा म्हणजे पूर्ण टेबल नेटवर्कवरून पुन्हा लिहायचं. इथे घाई करू नका.

वाटणीच्या तीन रीती आहेत. पाळीपाळीने वाटलं की तुकडे समान होतात, पण कोणती ओळ कुठे आहे ते कळत नाही, त्यामुळे एक ओळ शोधायला सगळ्या नोडना विचारावं लागतं. रेंजने वाटलं की तारखांच्या क्वेरीत नको ते तुकडे वगळता येतात, पण ताजा डेटा सगळा एकाच नोडवर साचतो. हॅशने, म्हणजे किल्लीवरून काढलेल्या आकड्याने, वाटलं की एकाच किल्लीच्या सगळ्या ओळी एका ठिकाणी येतात. बहुतेक ठिकाणी नोडमध्ये हॅश आणि प्रत्येक नोडच्या आत तारखेनुसार पार्टिशन, ही जोडी चांगली चालते.

हॅशचा कॉलम निवडताना तुमच्या क्वेऱ्यांची यादी समोर ठेवा आणि मोठी टेबलं एकमेकांशी कोणत्या कॉलमवर जोडली जातात ते मोजा. तोच कॉलम पहिला उमेदवार. ऑर्डर आणि ऑर्डरमधल्या वस्तू ही दोन्ही टेबलं ऑर्डर क्रमांकावर वाटली तर त्यांचा जॉइन नेटवर्कला हात न लावता होतो. मग त्या उमेदवाराला पुढचे प्रश्न विचारा.

वेगवेगळ्या किमती नोडच्या संख्येच्या कितीतरी पट आहेत का? ‘स्थिती’सारख्या पाच किमतींच्या कॉलमवर वाटलं तर सोळा नोडपैकी किमान अकरा रिकामे राहतात. किंमत पुढे बदलते का? बदलली की ओळ एका नोडवरून दुसऱ्यावर हलवावी लागते, आणि कित्येक सिस्टिम असा बदल करूच देत नाहीत. कॉलम तारखेचा आहे का? तारखेच्या हॅशवर वाटलं तर आजच्या सगळ्या ओळींचा हॅश एकच येतो, आणि आजचं सगळं लेखन एका शार्डवर, म्हणजे टेबलाच्या एका तुकड्यावर, पडतं. आणि शेवटचा प्रश्न, जो प्रत्यक्ष स्थलांतराच्या दिवशी अडवतो: प्रायमरी कीमध्ये हा कॉलम आहे का? साइटस आणि ग्रीनप्लम दोन्हींत युनिक बंधनात वाटणीचा कॉलम असावाच लागतो, कारण त्याशिवाय एकेका नोडला आपल्यापुरतं तपासून खात्री देता येत नाही. सध्याची प्रायमरी की नुसता आयडी असेल तर स्कीमा बदलावी लागेल, आणि तिच्यासोबत ॲप्लिकेशनचा कोडही.

चलन, प्रदेश, वर्ग अशी छोटी टेबलं वाटूच नका. त्यांची पूर्ण प्रत प्रत्येक नोडवर ठेवा. साइटसमध्ये यांना रेफरन्स टेबल म्हणतात.

तुकड्यांची संख्या नोडपेक्षा जास्त ठेवा. हॅशला थेट नोडच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीवर नोड ठरवला, तर चाराचे पाच नोड करताना ८० टक्के ओळी जागा बदलतात. त्याऐवजी आधीच ३२ शार्ड करून, साइटसची मूळ संख्या तीच आहे, ते नोडवर मांडले की पाचवा नोड आल्यावर सहा-सात शार्ड हलवून काम होतं.

६. जॉइनच्या वाहतुकीचं गणित कागदावर करा

समजा मोठं टेबल १०० जीबीचं, दहा नोडवर सारखं वाटलेलं, आणि जॉइन वाटणीच्या कॉलमवर नाही. मग ओळींची नव्याने वाटणी करावी लागते. प्रत्येक नोडकडे १० जीबी आहेत. त्यातला एक दशांश जागेवर राहतो आणि ९ जीबी बाहेर जातात. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर नुसत्या या प्रवासाला ७२ सेकंद, १० गिगाबिटवर सुमारे ७ सेकंद. जॉइनचा कॉलम आणि वाटणीचा कॉलम एकच असता तर शून्य.

दुसरा मार्ग म्हणजे छोटं टेबल सगळ्या नोडना पाठवणं. ते १ जीबीचं असेल तर एकूण ९ जीबी हलतात. दोन्हींची नव्याने वाटणी केली असती तर जवळपास ९१. ते १० जीबीचं असेल तर ९० विरुद्ध ९९, म्हणजे जवळजवळ बरोबरी. २० जीबीचं असेल तर १८० विरुद्ध १०८, इथे वाटणीच बरी. नियम सोपा आहे: छोट्या टेबलाचा आकार गुणिले नोडची संख्या, हे दोन्ही टेबलांच्या बेरजेपेक्षा कमी असेल तोवर छोटं सगळीकडे पाठवा.

हे काम प्लॅनर करतो, पण त्याचे अंदाज टेबलाच्या आकडेवारीवर चालतात. डेटा भरल्यावर ‘ॲनालाइझ’ चालवलं नाही तर तो २० जीबीच्या टेबलाला छोटं समजून सगळीकडे पाठवू शकतो. ग्रीनप्लमच्या प्लॅनमध्ये ‘रीडिस्ट्रिब्यूट मोशन’ आणि ‘ब्रॉडकास्ट मोशन’ अशा ओळी स्पष्ट दिसतात. प्लॅन वाचताना मी सर्वात आधी त्याच शोधतो आणि तिथून किती ओळी गेल्या ते पाहतो.

७. असमतोल शोधा

समांतर क्वेरी सर्वात हळू नोडइतकीच वेगवान असते. दहा नोड आहेत आणि एका मोठ्या ग्राहकाच्याच ३० टक्के ओळी आहेत असं धरा. त्या ग्राहकाचा नोड ३० टक्के अधिक उरलेल्या ७० चा दहावा भाग, म्हणजे ३७ टक्के काम करणार. दहा नोडचा खर्च करून वेग वाढतो तो फक्त २.७ पट.

शोधायचं कसं? प्रत्येक नोडवरच्या ओळी मोजा. ग्रीनप्लममध्ये प्रत्येक टेबलात ‘जीपी सेगमेंट आयडी’ नावाचा लपलेला कॉलम असतो, त्यावर ग्रुप बाय केलं की चित्र समोर येतं. पण साठवण समान असूनही क्वेरीत असमतोल येऊ शकतो. आउटर जॉइनच्या कॉलममध्ये नल (रिकाम्या) किमती भरपूर असतील तर नव्याने वाटणी होताना त्या सगळ्या एकाच नोडकडे जाऊ शकतात. अशा ओळी आधी वेगळ्या काढून नंतर जोडल्या तर फरक लगेच दिसतो. ग्राहकच अवाढव्य असेल तर त्याला स्वतःचा शार्ड द्या.

खऱ्या डेटाचा आग्रह धरला तो याचसाठी. टीपीसी-एच या प्रमाण चाचणीत ८ टेबलं आणि २२ क्वेऱ्या आहेत आणि सरावासाठी ती उत्तम आहे, पण तिचा डेटा समान पसरलेला असतो. तिच्यावर देखणे आकडे देणारा क्लस्टर तुमच्या डेटावर तसाच वागेल याची हमी नाही.

८. नोड वाढवत मोजा

दोन वेगळ्या गोष्टी मोजायच्या. डेटा तोच ठेवून नोड वाढवले आणि वेळ त्या प्रमाणात घटला, तर तो स्पीडअप. डेटा आणि नोड दोन्ही एकाच पटीत वाढवले आणि वेळ तेवढाच राहिला, तर तो स्केलअप. वाढत्या डेटाची चिंता असलेल्यांना खरं तर दुसरा हवा असतो, पण चाचणी बहुतेक जण पहिल्याचीच करतात.

एक, दोन, चार, आठ असे नोड घ्या. प्रत्येक वेळी रिकाम्या कॅशने एकदा आणि भरलेल्या कॅशने काही वेळा चालवा, आणि दोन्ही आकडे वेगळे लिहा. नोड वाढल्यावर पूर्ण डेटा मेमरीत मावू लागला तर चार नोडवर पाचपट वेगही दिसतो. तो मेमरीचा परिणाम आहे, पुढच्या नोडला तसा फायदा होणार नाही.

वेग अडला की ॲमडालचा १९६७ मधला नियम लावा. क्वेरीचा ५ टक्के भाग एकाच ठिकाणी चालत असेल, उदाहरणार्थ काम वाटून निकाल जोडणाऱ्या कोऑर्डिनेटर नोडवरचा शेवटचा सॉर्ट, तर ८ नोडवर जास्तीत जास्त ५.९ पट, ३२ नोडवर १२.५ पट, आणि कितीही नोड लावले तरी २० पटीपलीकडे जाता येत नाही. अशा वेळी नोड विकत घेऊ नका, तो ५ टक्के भाग कमी करा. डीविट आणि ग्रे यांनी स्पीडअपचे तीन अडथळे सांगितले होते: सुरुवातीचा खर्च, एकमेकांत लुडबुड आणि असमतोल. अडकलेली प्रत्येक क्वेरी मी आजही या तिघांपैकी कशात बसते ते आधी पाहतो.

९. नोड पडणार हे धरून चाला

एक मशीन सरासरी तीन वर्षांतून एकदा बिघडत असेल, तर ३६ मशीनच्या क्लस्टरमध्ये सरासरी महिन्याला एक बिघाड होणार. म्हणून प्रत्येक शार्डची प्रत दुसऱ्या नोडवर हवी. एका नोडच्या सगळ्या प्रती एकाच शेजाऱ्यावर ठेवू नका, कारण तो पडला की शेजाऱ्यावर दुप्पट भार येतो आणि पूर्ण क्लस्टर त्याच्या वेगाने चालतो. प्रती अनेक नोडवर पसरवा.

अनेक नोडवर लिहिणारे व्यवहार टू-फेज कमिटने, म्हणजे आधी सगळ्या नोडचं ‘तयार’ आणि मग ‘पक्कं’ अशा दोन टप्प्यांत, पूर्ण होतात. ‘तयार’ म्हटल्यानंतर आणि ‘पक्कं’ म्हणण्याआधी कोऑर्डिनेटर पडला, तर नोड कुलपं धरून वाट पाहत बसतात. साइटस असे व्यवहार स्वतःहून निकालात काढतं. तुम्ही स्वतः टू-फेज कमिट लिहिलं असेल तर पोस्टग्रेसच्या ‘पीजी प्रिपेअर्ड एक्सॅक्ट्स’ व्ह्यूवर देखरेख लावा. तिथे लोंबकळत राहिलेला एक व्यवहार व्हॅक्युमलाही, म्हणजे जुन्या ओळींच्या साफसफाईलाही, अडवून धरतो.

बॅकअप सगळ्या नोडचा एकाच क्षणाचा हवा. प्रत्येक नोडचा वेगवेगळ्या वेळी घेतलेला बॅकअप परत उभा केला तर ऑर्डर एका नोडवर सापडेल आणि तिची नोंद दुसऱ्यावर नसेल. तुमच्या सिस्टिममध्ये सर्व नोडवर एकच रिस्टोअर पॉइंट ठेवण्याची सोय आहे का ते पाहा. मग मोकळ्या मशीनवर पूर्ण क्लस्टर त्यातून उभा करा, ओळींची संख्या नोडनिहाय जुळवा, चाचणी चालू असताना एका नोडची वायर काढा आणि क्वेरी किती वेळाने पुन्हा उत्तर देते ते लिहून ठेवा. हा आकडा हातात आल्यावरच खरे युजर नव्या क्लस्टरकडे वळवा, तेही आधी फक्त अहवालाचे.